नणंदेचा मुका कीबोर्ड

२ जून

फिजिओथेरपिस्टने सांगितले म्हणून लिहीत आहे. मला दैनंदिनीची हौस कधीच नव्हती. फिजिओथेरपिस्ट आज घरी आली, नणंदेला विचारले, "हात कसा आहे?" नणंद म्हणाली, "छान." हात छान नाही. उजव्या हाताची बोटे हलत नाहीत, आणि हे तिघींनाही दिसत होते. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "घरी काय होतं ते तुम्ही लिहून ठेवा. पेशंट खोटं बोलतात, नातेवाईक रडतात. तुम्ही दोन्हीतलं काही कराल असं वाटत नाही."

तेव्हा वस्तुस्थिती अशी. नणंद ही माझ्या कैलासवासी यजमानांची धाकटी बहीण. लग्न केले नाही, माझ्याकडे राहते. नृत्यशाळेत मुलांच्या वर्गाला पियानोची साथ करते. म्हणजे मार्चपर्यंत करायची. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालते. बोलणे परत आले. जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली आहे. उजवा हात खांद्यातून थोडा वर येतो आणि पडतो, त्यापलीकडे काही नाही.

नृत्यशाळेच्या बाईंनी तिची जागा रिकामी ठेवली आहे. ऑगस्टमध्ये नवे सत्र सुरू होते. तोवर वर्ग रेकॉर्डवर चालतो. पुढे काय, हे बाई बोलत नाहीत आणि नणंद विचारत नाही. दिवसभर खिडकीशी बसते. मी वर्तमानपत्र वाचून दाखवते, तर म्हणते, "वहिनी, बातम्या सांगताय की दम देताय?"

५ जून

लेकीने पार्सल पाठवले. आत एक छोटा कीबोर्ड. दोन वह्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल तेवढाच. पियानोसारख्या पट्ट्या, पण अरुंद. वर आठ रबरी चौकोन आणि काही गोल खुंट्या. नणंदेने पाहिले आणि म्हणाली, "पियानोला पिल्लू झालं वाटतं."

डाव्या हाताने तिने एक पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. नाही. मी लेकीला फोन लावला.

"आई, त्याला स्वतःचा आवाज नसतोच. लॅपटॉपला जोडायचा. आवाज लॅपटॉपमधून येतो."

नणंदेने ऐकले. "म्हणजे माझ्या हातासारखंच," ती म्हणाली. "दिसायला सगळं जागच्या जागी." आणि खिडकीकडे तोंड फिरवले.

कीबोर्ड मी परत खोक्यात घातला नाही. सोबत माहितीचा कागद होता. छपाई इतकी बारीक की भिंग काढावे लागले.

७ जून

यजमानांचा लॅपटॉप पुसून घेतला. कीबोर्डची वायर लावली. रबरी चौकोन लुकलुकले, म्हणजे वीज पोचली. लेकीने सांगितलेला प्रोग्राम उतरवून घेतला. पट्टी दाबली, आवाज नाही. सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डचे नाव निवडले. आवाज नाही. आता फोन करणार नाही असे ठरवले. माणसाने एकदा विचारावे, दुसऱ्यांदा वाचावे. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला तेव्हा कळले की पडद्यावर पियानोची एक ओळ उघडून तिच्यासमोरचे लाल बटण चालू करावे लागते, नाहीतर निरोप येतो पण दार उघडायला कोणी नसते.

बटण चालू केले आणि एक पट्टी दाबली.

मी मागे वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. मोठ्या सभागृहात झाकण उघडलेला पियानो असावा आणि त्यावर कोणीतरी शांतपणे एकच सूर वाजवावा, तसा आवाज होता तो. बोट उचलले नाही तोवर तो विरत विरत राहिला. माझ्या समोर मात्र होता तो प्लास्टिकचा तुकडा, माझ्या हाताखालचा तपकिरी टेबलक्लॉथ, आणि बाजूला सोललेल्या वाटाण्यांची परात.

मी आयुष्यभर तार ऑफिसात काम केले. शेवटी तिथली प्रमुख होते. तारेतून कोणाचा आवाज जात नसे. जात असे ती टकटक. पलीकडचा माणूस ती ऐकून शब्द लिहीत असे. हे यंत्र तेच करते. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ, एवढाच निरोप. सूर पलीकडे तयार होतो. हे कळल्यावर मला आश्चर्य कमी वाटायला हवे होते. ते वाढले.

नणंद काठी टेकत दारात आली. "कोण वाजवतंय?"

"मी."

"वाटलंच. एकच सूर, तोही हजेरी घेतल्यासारखा."

११ जून

आज ती बसली. सूर नीट ऐकू यावा म्हणून मी लेकीने मागे दिलेला बिनवायरचा स्पीकर जोडून दिला होता. डाव्या हाताने तिने वर्गातला एक साधा ठेका धरला आणि काही क्षणांत थांबली. पुन्हा धरला, पुन्हा थांबली. मग हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बंद करा वहिनी."

"काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आला."

चेहरा कंटाळ्याचा नव्हता. जेवली नाही. दुपारी मी चौकोन पुसताना सहज एक पट्टी दाबली. माझे बोट खाली गेले, आणि सूर त्यानंतर आला. थोडासाच नंतर, पण नंतर. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नणंदेला वाटले होते की उशीर तिच्या मेंदूत आहे. हात गेला, आता उरलेलाही चालला, असे ती धरून बसली होती आणि कोणाला सांगणार नव्हती.

स्पीकर काढला, वायरचे हेडफोन लावले. बोट आणि सूर एकत्र. मी तिला उठवले, हेडफोन तिच्या कानावर चढवले आणि म्हटले, "दाब."

तिने दाबली. मग बऱ्याच पट्ट्या दाबल्या, भराभर, वरपासून खालपर्यंत.

"स्पीकर निकामी आहे," मी म्हटले. "वायरशिवाय आवाज पाठवायला त्याला वेळ लागतो. तुझ्यात दोष नाही."

"मला कुठे वाटलं होतं," ती म्हणाली. लॅपटॉपवर बरीच धूळ होती. तिचे डोळे पाझरत होते. मी ओले फडके आणले.

१६ जून

आजचे नीट लिहायला हवे.

प्रोग्राममध्ये वाजवलेले साठवता येते. नणंदेने आधी डाव्या हाताचा भाग वाजवला, तिचा नेहमीचा. मग कीबोर्डवरचे एक बटण दाबले. त्याने सगळ्याच पट्ट्या वरच्या सुरांत सरकतात. म्हणून एवढ्याशा कीबोर्डात सबंध पियानो मावतो. मग साठवलेला भाग चालू करून त्यावर उजव्या हाताचा भाग तिने डाव्याच हाताने वाजवला.

सोपे नव्हते. "अंगठा उलट्या बाजूला आला ना," ती म्हणाली. "जिथे करंगळी हवी तिथे अंगठा. घरात सगळे शिरले, पण मागच्या दाराने." एकच ओळ ती सकाळभर घोटत होती. मी दोनदा चहा ठेवला, दोन्ही निवले.

जेवणाआधी तिने हेडफोन माझ्या कानावर ठेवले. दोन हात वाजत होते. खालचा चालत होता, वरचा त्याच्या खांद्यावर बसून दूरवर बघत होता. मी तिच्याकडे पाहिले. उजवा हात मांडीवर पालथा, बाहीतून बाहेर आलेला, आपला काही संबंध नाही अशा बेताने. आणि कानात तो वाजत होता. मार्चच्या आधीचा तो हात पुन्हा कधी ऐकेन असे वाटले नव्हते.

मी हेडफोन काढून तिच्यापुढे ठेवले. "आवाज बरा आहे," मी म्हटले.

"बरा," नणंद म्हणाली. "घरात पहिलं प्रमाणपत्र. फ्रेम करा."

२० जून

तीन तुकडे झाले. ती आता सकाळी माझ्या आधी उठते. व्यायाम मात्र टाळते. हे फिजिओथेरपिस्टसाठी नोंदवत आहे.

२४ जून

वाजवलेला प्रत्येक सूर पडद्यावर एका लहान विटेसारखा दिसतो. जोरात दाबला तर रंग गडद, हळू दाबला तर फिका. मागे आखलेल्या उभ्या रेघा असतात, त्या तालाच्या. आज नणंद दुपारी झोपल्यावर मी बारकाईने पाहिले. तिची एकही वीट रेघेवर नाही. काही जरा आधी, बऱ्याच जरा नंतर. काही ठिकाणी तर अख्खी रांग मागे रेंगाळलेली.

आजारपणाचा परिणाम. तिच्या लक्षात आलेला नाही, आणि आणून देण्यात अर्थ नव्हता. प्रोग्राममध्ये याच्यावर उपाय आहे. एक बटण दाबले की सगळे सूर जवळच्या रेघेवर जाऊन बसतात. मूळ प्रतीवर मी कधीच काम करत नाही, म्हणून आधी नक्कल केली आणि मग नकलेवर बटण दाबले. क्षणात सगळ्या विटा ओळंब्यात आल्या. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या रांगेसारख्या. पाहून समाधान वाटले.

उद्या पेन ड्राइव्हवर घालून बाईंना नेऊन देणार. नणंदेला आत्ताच सांगत नाही. बाईंचा होकार आला की सांगेन.

२५ जून

बाई मला पाहून पुढे आल्या. मोठी खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे. कोपऱ्यात पियानो, त्यावर चादर. मुले उड्यांचा सराव करत होती. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला आणि मुलांना म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी पाठवलंय."

मुले उडाली. सूर आला, मग पाय आले. पुन्हा उडाली. या वेळी काही पाय आधी, काही नंतर. एक मुलगा दुसऱ्यावर आदळला. हशा झाला. बाईंनी आवाज बंद केला.

"वहिनी, हे कोणी वाजवलं?"

"तिनं."

"ताईंनी नाही."

"माझ्यासमोर वाजवलं. एका हातानं."

"हात एक असेल नाहीतर पाच. ताई असं वाजवत नाहीत." मला बाजूला नेऊन त्या म्हणाल्या, "त्या पट्ट्यांकडे बघतच नसत. मुलांच्या पावलांकडे बघत. मूल हवेत गेलं की सूर धरून ठेवायचा, टेकलं की सोडायचा. प्रत्येक मूल वेगळं उडतं. म्हणून तर रेकॉर्डवर मुलं बिघडतात. रेकॉर्ड थांबत नाही." मग आवाज उतरवला. "त्या परत तसं वाजवतील, याच आशेवर मी जागा ठेवली. आता सत्राच्या आधी दुसरं माणूस बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हटले, वाईट वाटण्याचा प्रश्न नाही. बसने न येता चालत आले.

२६ जून

नाश्ता झाल्यावर नणंदेला सगळे सांगितले. बटण दाबले तेही.

तिने कप खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही माझ्या वाजवण्याला इस्त्री केलीत?"

"मला वाटलं चुकलंय."

"मला विचारायचं."

"हो."

"मूळ फेकलंत?"

"मूळ मी कधी फेकत नाही."

"लावा मग."

मूळ प्रत लावली. या वेळी हेडफोन नाही. लॅपटॉपवरच, दोघींनी ऐकायला. पडद्यावरच्या विटा माझ्यासमोर सरकत होत्या. जिथे रांग रेंगाळली होती तिथे मी बोट ठेवले. "हे का?"

"ती पेन्सिल आहे ना, उंच मुलगी. वर गेली की तिला उतरायची आठवण राहत नाही."

पुढच्या ठिकाणी बोट ठेवले. "बेडूक. तो आधीच खाली येतो, त्याला सूर लवकर द्यावा लागतो, नाहीतर गुडघे आपटतो." त्यापुढचे दोन फिके सूर? "जुळ्या. एक घाबरते. ती टेकते ते ऐकू येऊ नये इतकं हळू टेकते."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. एकही जागा अशी नव्हती जिथे तिला आठवावे लागले. मार्चपासून तिने त्या मुलांना पाहिलेले नाही. या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, ती सबंध वर्गाला उड्या मारायला लावत होती आणि एकेकाला अलगद खाली उतरवत होती. मी त्याला आजारपण म्हटले होते.

तुकडा संपला. तारेत दोन टकटकींमधली जागा कमीजास्त झाली तर अक्षर बदलते. एवढे मला कोणी शिकवायला नको होते.

"पण बाई म्हणतात ते खरंच आहे," नणंद म्हणाली. "ही मार्चमधली पोरं आहेत. आता उंच झाली असतील. रेकॉर्डला काय माहीत." आणि लॅपटॉप स्वतःच मिटला.

३ जुलै

तिने आठवडाभर वाजवलेले नाही. खिडकी.

मी मात्र कागद वाचत आहे. रबरी चौकोन ढोल वाजवण्यासाठी असतात असे मला वाटत होते. तसे नाही. चौकोनाला कोणतेही काम देता येते. वाजवलेल्याचे तुकडे पाडून ठेवायचे; चौकोन दाबला की तुकडा वाजतो, संपला की शेवटच्या सुरावर थांबतो, आणि पुन्हा दाबेपर्यंत थांबूनच राहतो.

थांबून राहतो, हे वाक्य मी भिंगातून दोनदा वाचले.

जेवताना तिला सांगितले. उजव्या हाताचे भाग उडी जिथे संपते तिथे तोडायचे. डावा हात पट्ट्यांवर नेहमीसारखा. मूल टेकले की चौकोन दाबायचा.

"आणि चौकोन दाबणार कोण? नाकानं दाबू?"

"उजवा हात."

"वहिनी, त्याला बोटं नाहीत. आहेत, पण नावाला."

"दाबायचा नाही. पाडायचा. खांदा उचलता येतो ना? पडायला बोटं लागत नाहीत."

ती हसली नाही. उजवा खांदा वर केला. हात टेबलाच्या वर आला, लोंबला, आणि पाण्याच्या पेल्यावर पडला. पाणी माझ्या ताटात.

"नेम वाईट आहे," ती म्हणाली.

४ जुलै

चौकोन लहान, हात मोठा. एकावर पाडायला गेली तर तीन दबतात आणि तीन तुकडे एकदम सुटतात. सकाळ त्यात गेली. ती चिडून म्हणाली, "देवळातली घंटा बरी."

दुपारी मी आठही चौकोनांना एकच काम दिले: पुढचा तुकडा वाजव. आणि एकदा दबल्यावर क्षणभर दुसरे दाबणे ऐकू नको, असेही सांगता येते, ते सांगितले. आता हात कुठेही पडो.

डाव्या हाताने तिने ठेका धरला. खांदा उचलला. हात पडला.

आणि उजवा हात वाजला.

तिचाच उजवा हात, त्याचाच सूर, त्याच्याच पडण्याने. मधल्या सगळ्या भानगडी मला माहीत आहेत, मीच जोडल्या आहेत. कोणता निरोप कुठून कुठे जातो ते मी कागदावर काढून दाखवीन. तरीही मी वायर कुठे जाते ते पुन्हा तपासले. नणंद आपल्या हाताकडे असे बघत होती जणू कोणी दूरचे नातेवाईक न कळवता दारात उभे आहेत. मग तिने तो पुन्हा उचलला.

फिजिओथेरपिस्टसाठी: आज उजवा खांदा किती वेळा उचलला ते मोजले नाही. मोजता आले नसते.

१० जुलै

"उडी मारा," नणंद म्हणाली.

"कोणी?"

"इथे दुसरं कोण आहे? मला बघायला पाय हवेत."

मी सांगितले की माझ्या वयाला आणि गुडघ्यांना हे शोभत नाही. ती म्हणाली, "शोभा कोण मागतंय? चवड्यांवर उभ्या राहा आणि उतरा. मनाला येईल तेव्हा. मला सांगायचं नाही."

खुर्चीची पाठ धरून मी चवड्यांवर उभी राहिले. संगीत माझ्याबरोबर वर आले आणि थांबले. मी मुद्दाम उतरले नाही. ते थांबूनच. डावा हात खाली हलके हलके पाणी हलवल्यासारखा फिरत होता, आणि वर तो सूर लोंबकळत होता. मी टाच टेकली, तिचा हात पडला, पुढचा सूर नेमका माझ्या टाचेखाली आला. पुन्हा केले. फसवण्यासाठी चटकन उतरले. फसली नाही. माझ्यासाठी इतक्या बारकाईने कोणी थांबल्याचे मला आठवत नाही.

मी सांगितलेल्यापेक्षा जास्त वेळ हे करत राहिले. तिच्या सरावासाठी.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही उतरताना पाय आपटता. पण वर चांगल्या जाता."

१८ जुलै

बाईंना फोन केला. दुसऱ्या माणसाशी बोलणी सुरू आहेत, सोमवारी ठरवणार. मी म्हटले, सोमवारी सकाळी आम्ही येतो, त्याच्या आधी ठरवू नका. "वहिनी, आग्रह नको." मी म्हटले, आग्रह नाही, सूचना आहे.

२१ जुलै, सोमवार

टॅक्सीने गेलो. दारात मुलांचा घोळका आला, आणि काठी पाहून थबकला. "काय रे बेडका," ती म्हणाली, "मिशा फुटल्या की दूध पुसायचं राहिलं?" मग सगळे एकदम बोलायला लागले.

पियानोवरची चादर काढली नाही. शेजारी टेबल मांडून मी कीबोर्ड ठेवला, लॅपटॉप जोडला, शाळेचा स्पीकर वायरने लावला. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. "एवढंसं?"

"एवढंसंच," मी म्हटले.

मुले रांगेत आली. नणंदेने पट्ट्यांकडे एकदा पाहिले, हात ठेवला आणि मग पाहिलेच नाही. पेन्सिल पहिली. खरेच उंच झाली आहे. ती उडाली आणि खोलीतला सूर तिच्याबरोबर वर गेला आणि थांबला, थांबला, बाईंच्या हातांची घडी सुटली, आणि पेन्सिल टेकली तेव्हा नणंदेचा हात पडलेला होता. मग बेडूक. मग जुळ्या, त्यांतली घाबरट आता घाबरत नाही हे नणंदेला हवेतच कळले असावे, कारण त्या उतरण्यासाठी तिने खाली डाव्या हाताने असा काही जोर दिला जो घरी कधी वाजवला नव्हता.

एकदा हात चौकोनांवर न पडता टेबलावर पडला. वरचा सूर आलाच नाही. तिने डाव्या हाताने खालीच काहीतरी रचले, मुलाला उतरवले, आणि पुढच्या उडीला हात पुन्हा उचलला. बाई आणि मी सोडून कोणाला कळले नाही.

रांग संपली. पेन्सिल म्हणाली, "ताई, परत." बाई पियानोपाशी गेल्या, चादरीची घडी केली, कपाटात ठेवली. दुसऱ्या माणसाला फोन करायला आतल्या खोलीत गेल्या. दार उघडेच होते. "नाही, आमच्या ताई आल्यात," एवढे ऐकू आले.

नणंद माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही निघा. तुम्ही उभ्या राहिलात की पोरं पाय दुमडून बसतात."

घरी जाऊन काय करायचे ते एकदम सुचले नाही. म्हणून आधी मी तिथेच पावती लिहिली. बाई हसल्या, पण मी थांबून राहिले, तेव्हा त्यांनी सही केली.

नृत्यशाळेच्या स्वाधीन केले: लहान कीबोर्ड, वायरसह. लॅपटॉप, चालू स्थितीत. सुरांना कोणीही सरळ करू नये. नणंद, रोज सकाळपुरती, दोन्ही हातांसह.

दुपारी परत नेण्याची जबाबदारी माझी.